तालुक्याची परदेशवारी

समुद्र ओलांडून आलेल्या मनुष्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, त्या काळापासून निघालेला आपला महाराष्ट्र, समुद्र न ओलांडलेल्या मनुष्यास आपल्या नालायकीचा खुलासा सोयऱ्याधायऱ्यांपुढे करावा लागतो, त्या काळापर्यंत येऊन ठेपला आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी एकट्या अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांच्या जाण्याने धर्म बुडतो अशी धास्ती पुष्कळांस पडली होती. आज बारामतीच्या एखाद्या आळीतील मुलगा परदेशी जाणार नाही असे ठरले, तर धर्माविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही, पण त्याच्या लग्नाविषयी मात्र गंभीर चिंता व्यक्त होते. तथापि हे परदेशगमन आजवर एकतर्फी होते. मनुष्य जाई, शिके, परत येई किंवा न येई. त्याच्या बदल्यात तिकडचा मनुष्य इकडे येऊन आपल्या माजघरात बसत नसे. अदलाबदलीच्या विद्यार्थ्याने हा हिशेब पुरा केला. येथील एक सोळा वर्षांचा कुलदीपक तिकडच्या खात्यात जमा होतो आणि त्याच वेळी तिकडची तितक्याच वयाची एक कुलदीपिका आपल्या नावे पडते. अशा रीतीने दोन्ही खंडांतील आईबाप एकाच वर्षी, एकाच मापाने आणि एकमेकांच्या मुलांमुळे हैराण व्हावेत, अशी ही मोठी न्याय्य तजवीज आहे.

आमच्या भागात ही तजवीज लोकांस ठाऊक झाली ती रोटरीमुळे. १९०५ साली शिकागोत जन्मास आलेल्या या संस्थेच्या फ्रान्सातील नीस येथील क्लबाने १९२७ मध्ये विद्यार्थ्यांच्या देवघेवीचा पायंडा पाडला, आणि आज तो बहुतेक सर्व खंडांत चालू आहे. नियम मोजके आहेत. वय पंधरा ते एकोणीस. मुदत एका शैक्षणिक वर्षाची. राहणे यजमानांच्या घरी, आणि तेही बहुधा पाळीपाळीने एकाहून अधिक घरी, म्हणजे पुण्य विभागले जाते आणि बोजाही. यजमानास मोबदला छदामाचाही नाही. विद्यार्थ्यास एक कोट मिळतो, त्यावर देशोदेशींच्या सोबत्यांनी दिलेले बिल्ले टाचीत जावयाचे असतात, आणि वर्षाअखेर तो कोट अंगात घालणारा मुलगा दुरून एखाद्या निवृत्त सेनापतीसारखा दिसू लागतो. याखेरीज चार निषेध आहेत: मद्य प्यावयाचे नाही, अमली पदार्थांस शिवावयाचे नाही, प्रेमात पडावयाचे नाही आणि वाहन हाकावयाचे नाही. माझ्या पुतण्याच्या बाबतीत ही यादी जेव्हा घरी मोठ्याने वाचण्यात आली, तेव्हा पहिल्या तीन कलमांवर माझ्या मातोश्रींनी समाधानाने मान डोलावली. चौथ्या कलमावर मात्र पुतण्याचा चेहरा काळवंडला, कारण उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर शेताच्या बांधावरून उलटा घेण्यात त्याचा हात धरणारा संसर पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि आता त्यास वर्षभर सायकलीवर बसून शाळेत जावयाचे होते.

हा पुतण्या म्हणजे माझ्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव. बंधू इंदापूर तालुक्यात संसर येथे ऊस पिकवतात. मी बारामतीत निवृत्तिवेतन पिकवतो. आणि चिरंजीव माझ्याकडे राहून कॉलेजात जात असत. तहसील कचेरीत उभी हयात घालवल्यामुळे अर्ज हा प्रकार मला अपरिचित नाही, परंतु अदलाबदलीचा अर्ज पाहून माझीही छाती दडपली. त्यात दातांच्या वैद्याचा दाखला होता, आईबापांची कबुलायत होती, घराची छायाचित्रे मागितली होती, आणि शेवटी, भावी यजमानांस उद्देशून पत्र लिहून आपला गाव व आपला परिसर यांची माहिती द्यावी, असा हुकूम होता. दातांपासून कबुलायतीपर्यंतचे सर्व कागद दोन दिवसांत रुजू झाले. परिसराची माहिती मात्र तीन ओळींपलीकडे सरकेना. गाव सुंदर आहे, जवळून नदी वाहते, लोक प्रेमळ आहेत, एवढे लिहून पुतण्याने लेखणी खाली ठेवली. हे वर्णन जगातील कोणत्याही गावास लागू पडते, असे मी म्हणालो. तेव्हा ते खोटे ठरण्याचा संभव नाही, असे त्याने उत्तर दिले. वकिली बुद्धीच्या दृष्टीने उत्तर निर्दोष होते, आणि तीन ओळींचे ते पत्र डेन्मार्कास रवाना झाले. पाठोपाठ शेंगदाण्याची चटणी, कांदालसूण मसाला, दोन बरण्या लोणचे आणि त्यांच्या फटींत बसवलेला पुतण्या, असा सर्व लवाजमाही रवाना झाला.

डेन्मार्क हा देश केवढा, याची शहानिशा मंडळींनी त्यानंतर केली. २०११ च्या शिरगणतीत एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर भरली. सबंध डेन्मार्क साठ लाखांच्या आसपास आहे. तेथील सर्वांत उंच नैसर्गिक टेकाड १७१ मीटरांचे, आणि १४७ मीटरांच्या दुसऱ्या एका टेकाडास ते लोक मोठ्या अभिमानाने स्वर्गपर्वत म्हणतात. बारामती शहर समुद्रसपाटीपासून ५३८ मीटर उंचीवर आहे. अर्थात आमच्या एस. टी. स्थानकावर भेळ खात उभा असलेला मनुष्य त्यांच्या स्वर्गाच्या तिपटीहून अधिक उंचीवर उभा असतो, ही गोष्ट पुतण्याने आपल्या वर्गात सांगितली आणि तिची फार वाहवा झाली. परंतु वाहवा करणारे लोक पुढे प्रश्न विचारतात, हे त्यास तोवर अवगत नव्हते. इतक्या उंचीवर पाणी कोठून येते, असा पहिला प्रश्न आला, आणि त्या रात्री आमच्या घरचा फोन खणखणला.

प्रथम त्याच्या नित्यक्रमाविषयी सांगितले पाहिजे. यजमानीणबाईंना त्यांच्या नावाने हाक मारावी, असे पहिल्याच दिवशी त्यास बजावण्यात आले. आईच्या वयाच्या स्त्रीस नुसत्या नावाने हाक मारणे त्याच्या जिभेस साधेना; तेव्हा काही हवे असल्यास तो बाईंच्या आसपास जाऊन खोकत असे. बाई दयाळू होत्या. त्यांनी खोकल्याचे औषध आणले, ते त्याने निमूटपणे घेतले, आणि मीठ मागण्याचे राहूनच गेले. सायंकाळी सहा वाजता, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या चहाची वेळ असते तेव्हा, तेथे रात्रीचे जेवण उरकते. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे सहा वाजता मध्यरात्र झाल्याचा भास होऊन जेवण उशिरा झाले असेच वाटते, ही एक निसर्गाची सोय. ‘आणखी घे’ असे यजमान एकदा म्हणतात. आपण रीतीप्रमाणे ‘नको’ म्हणावे, त्यांनी पुन्हा म्हणावे, आपण पुन्हा नाकारावे आणि तिसऱ्या खेपेस नाइलाजाने ताट पुढे करावे, हा जो आपल्या आतिथ्याचा विधी, त्यातील पहिल्या ‘नको’लाच ते लोक खरे मानून भांडे उचलून नेतात. पहिला आठवडा पुतण्या या सत्यनिष्ठेपायी अर्धपोटी राहिला. वाढदिवसास मात्र टेबलावर राष्ट्रध्वजांच्या चिमुकल्या प्रतिकृती उभ्या राहतात. रस्त्याच्या कडेस शेतकरी बटाटे मांडून ठेवतो, शेजारी पैशांचा डबा ठेवतो, आणि स्वतः घरी निघून जातो. घेणारा बटाटे घेतो व पैसे टाकतो. ही हकीकत मातोश्रींनी दोनदा सांगावयास लावली. बटाटे कोणी नेत नाही हे त्यांनी एक वेळ मान्य केले. डबा कोणी नेत नाही, हे मात्र त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही.

पुतण्याचे नशीब असे की, त्यास घर मिळाले ते डेन्मार्कच्या दक्षिणेस लोलँड बेटावर, नाकस्कोव्हच्या परिसरात, जेथे साखरेचा कारखाना आहे. भवानीनगरच्या कारखान्याचा भोंगा ऐकत वाढलेला मुलगा अर्धे जग ओलांडून पुन्हा कारखान्याच्याच दारात जाऊन पडला. भेद इतकाच की, तेथील साखर बीट नामक कंदातून निघते. नेपोलियनच्या काळी इंग्रजांशी चाललेल्या आर्थिक युद्धात उसाची साखर युरोपात येईनाशी झाली, तेव्हा त्या खंडाने बीट हाती धरले ते आजतागायत सोडलेले नाही. शरद ऋतूत त्यांचाही गळीत हंगाम सुरू होतो, त्यांच्याही रस्त्यांवर चिखल सांडत वाहने धावतात. ही वार्ता कळताच बंधूंनी ज्या प्रश्नांची सरबत्ती केली ती केवळ शास्त्रीय होती: उतारा किती? पहिला हप्ता किती? तोडणीचा मुकादम कोणत्या गावचा आणि त्यास उचल किती द्यावी लागते? बीटमध्ये साखर सोळा-सतरा टक्के असते व तोडणी, किंवा खरे म्हणजे उपटणी, यंत्राने होते, मुकादम नाही आणि उचलही नाही, असे उत्तर आले. बंधूंनी फोन खाली ठेवला आणि पोरगा वाईट संगतीस लागून खोटे बोलू लागल्याची शंका बोलून दाखवली.

परंतु खरी परीक्षा निराळीच होती. परदेशी जाणारा विद्यार्थी परदेशाविषयी शिकण्यास जातो, अशी जी सार्वत्रिक समजूत आहे, ती अत्यंत भ्रामक आहे. परदेशात त्यास परदेशाविषयी कोणी काही विचारीत नाही. ते त्या लोकांस ठाऊकच असते. त्यास विचारतात ते त्याच्या गावाविषयी, आणि तेच नेमके त्यास ठाऊक नसते. कारखान्याचा मालक कोण, असे यजमानांनी विचारले. सभासद शेतकरी, असे पुतण्याने सांगताच त्या गृहस्थांस भरते आले, कारण १८८२ साली जटलंडमधील ह्येडिंग येथे डेन्मार्कातील शेतकऱ्यांची पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली होती, आणि तेथे मत माणशी एक होते, गायीगणिक नव्हते. मग तुमच्याकडे हे केव्हा सुरू झाले, कोणी केले, असे प्रश्न आले आणि आमच्या घरी फोन आला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, ही माहिती मी पुरवली. संचालक मंडळाची निवडणूक कशी होते, हे मात्र पुतण्यास उपजतच ठाऊक होते. पॅनेल म्हणजे काय, ते फुटते कसे, फुटलेले पुन्हा सांधते कसे आणि हे सारे एकाच रात्रीत कसे घडते, याचे त्याने केलेले निरूपण ऐकण्यास म्हणे शेजारची मंडळीही येऊन बसली, आणि सहकाराची चळवळ आपल्या देशात बाल्यावस्थेतच राहिली, अशी खंत त्या गृहस्थांनी व्यक्त केली.

त्यानंतर फोनांचा ओघ थांबला नाही. पाण्याच्या प्रश्नास नीरा डावा कालवा, हे उत्तर गेले. तो कालवा बंधूंच्या शेताशेजारून वाहतो. त्यात पुतण्या पोहण्यास शिकला. परंतु तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी खणला आणि त्यास पाणी येते ते भोरजवळच्या भाटघरच्या जलाशयाचे, ही गोष्ट त्यास नाकस्कोव्ह येथे कळली. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी एके दिवशी चांद्रयानाचा विषय काढला, आणि त्या अग्निबाणांचे काही अवजड भाग वालचंदनगर नावाच्या ठिकाणी बनतात, ते तुमच्या गावापासून किती दूर, असे विचारले. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळरानावर शेठ वालचंद हिराचंद यांनी वसवलेल्या त्या वसाहतीत पुतण्याची सख्खी आत्या राहते, दर दिवाळीस तो तेथे फराळास जातो. पण चंद्रावर जाण्याचा मार्ग आत्याच्या गावावरून जातो, हे त्यास चकल्या खाताना कोणी सांगितले नव्हते. भिगवणच्या रोहित पक्ष्यांविषयी विचारणा झाली तेव्हा तर त्याने, भिगवणला चिलापी मासा उत्तम तळून मिळतो, एवढीच माहिती देऊन वेळ निभावली. आमचे घर हे हळूहळू माहिती खाते बनले. मी वाचनालयात जाऊ लागलो. मातोश्रींकडे ओव्या आणि म्हणी यांचे दप्तर सोपवण्यात आले. बंधूंकडे सिंचन व कृषी ही खाती होतीच.

इकडे आमच्या नावे पडलेली डेनिश कन्या ऑगस्टात येऊन दाखल झाली होती. तिने पहिल्याच सकाळी मला माझ्या नावाने हाक मारली. जे नाव आमच्या कुटुंबाने उभ्या संसारात उच्चारले नाही आणि कचेरीत जे केवळ पगारपत्रकावर राहिले, ते स्वयंपाकघरातून सुस्वर ऐकू येताच घरातील सर्व भांडी क्षणभर वाजायची थांबली. पुढे ती काका म्हणू लागली आणि प्रपंच पूर्ववत चालू झाला. तिच्या संकटांचे स्वरूप पुतण्याच्या नेमके उलट होते. तिचा ‘नको’ कोणीच खरा मानीत नसे. पहिल्या पोळीवर दुसरी पडे, दुसरीवर तूप पडे, आणि ती पानावर दोन्ही हात आडवे धरी, तेव्हा हातांच्या फटीतून तिसरी सरकवण्याची विद्या आमच्या वहिनींस साध्य होती. दार लावून घेतल्यास तिला बरे नाही असे समजून पाच माणसे विचारपूस करून जात. वय किती, भावंडे किती, बाप काय मिळवतो आणि लग्नाचे काय, या चार प्रश्नांची उत्तरे तिने इतक्या वेळा दिली की, पुढे पुढे कोणी नवखा मनुष्य दारात दिसताच ती प्रश्नांची वाट न पाहता क्रमाने जबानी देऊन टाकी. वाहन न हाकण्याचे कलम तिलाही लागू होते. परंतु आमच्या आळीतील आबालवृद्धांनी आपापली स्कूटर तिच्यापुढे उभी करून ‘घे गं, काही होत नाही’ असा आग्रह धरला, आणि पोलिसांनी पकडल्यास कोणाचे नाव सांगावे तेही बजावले.

हे सारे तिने हसत सोसले. आम्हांस सोसवेनात ते तिचे प्रश्न. पुतण्यास जे डेन्मार्कात विचारीत, तेच ती बारामतीत येऊन विचारू लागली. कऱ्हेकाठी हिंडून आल्यावर, येथे मोरोपंत नावाचे कवी राहत होते ते कोण, असे तिने जेवताना विचारले. पन्हाळ्यास जन्मलेले, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीत राहिलेले, १७९४ मध्ये येथेच वारलेले आणि रामायण एकदा लिहून समाधान न झाल्यामुळे एकशे आठ वेळा लिहिणारे, असे मी सांगितले. तेव्हा एकशे आठ का, असा प्रश्न आला आणि आमटी निवाली. पुढील मुक्काम बंधूंच्या घरी पडला. उजनीच्या फुगवट्यात उभे असलेले पळसदेवचे देऊळ पाहून ते कोणत्या शतकातले, असे तिने विचारले. उत्तरार्थ बंधूंनी सरपंचांकडे पाहिले, सरपंचांनी पाण्याकडे पाहिले, आणि फार जुने, असा एकमुखी निर्णय झाला. इंदापुरात मालोजीराजांची गढी, नरसिंहपुरास नीरा-भीमेचा संगम, निमगाव केतकीचे पानमळे, असे एकेक ठिकाण ती पाहात गेली, आणि तिच्यामागून प्रथम बंधू, मग वहिनी, मग शेजारची मुले अशी एक दिंडीच तयार झाली. जन्मभर ज्या गावांवरून एस. टी.ने गेली त्या गावांत ही मंडळी प्रथमच खाली उतरत होती.

परतीचे तिकीट तिने तुकोबांच्या पालखीनंतरचे काढले. काटेवाडीस पालखीपुढे परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि धनगरांच्या मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. संसरला पालखी मुक्काम करते. बेलवाडीस अश्वांचे रिंगण होते. बंधूंच्या घरी दरवर्षी शेकडो वारकरी जेवून जातात. मेंढ्या का धावतात, असे तिने विचारले, तेव्हा जेवणाऱ्यांतील एका वृद्ध धनगराने हात धुऊन, पाऊण तास बसून, तिला ते समजावून दिले. आम्हीही बाजूस बसून ऐकले. तो दरवर्षी येत होता. त्यास विचारले कोणी नव्हते.

या प्रश्नकर्त्यांची परंपरा आपल्या मुलुखात थोर आहे. जर्मनीहून पुण्यास कायदा शिकण्यास आलेले गुंथर सोन्थायमर कायद्यावरून धनगरांकडे वळले आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सीन बर्नसन नीरेपलीकडे फलटणला मराठी बोलीचा अभ्यास करता करता तेथल्याच झाल्या आणि त्यांनी शाळा काढली. ही माणसे आपल्याहून बुद्धिमान होती असे नव्हे. त्यांना विचारण्याची लाज नव्हती, आणि आपल्याला ती आहे. आपल्या गावाविषयी आपणच विचारावे, तर गावास आपण परके ठरतो, या भयाने आपण जन्मभर जाणत्याचा आव आणून बसतो.

पुतण्या परत आला. तो सायकल चालवतो, नाव घेऊन कोणास हाक मारीत नाही, आणि जेवताना पहिल्या ‘नको’वर खरोखरच थांबतो, यावरून मातोश्रींस त्याच्या प्रकृतीविषयी काळजी वाटते. तो डेन्मार्काविषयी फारसे बोलत नाही. कालव्याविषयी, कारखान्याविषयी आणि पळसदेवाच्या देवळाविषयी मात्र तो इतके बोलतो की, बंधू शेतावर जाण्याची वेळ अलीकडे आणू लागले आहेत.

तेव्हा ज्यांच्या घरी पंधरा-सोळा वर्षांचे अपत्य परदेशी जाण्याची स्वप्ने पाहात असेल, त्यांस माझी एवढीच विनंती आहे की, त्यास आधी एकदा बारामतीहून सराटीपर्यंत पालखीबरोबर चालवावे, भाटघरचे पाणी दाखवावे, वालचंदनगरास आत्या असल्यास फराळाच्या वेळी चार प्रश्न विचारण्याची मुभा द्यावी, आणि आपणास उत्तर येत नसेल तेथे ‘फार जुने’ असे न म्हणता त्याच्याबरोबर ते शोधण्यास निघावे. पासपोर्टाचा अर्ज त्यानंतर करावा. ती कचेरी कोठे पळून जात नाही.